किलिंग जोक: १९८८ चे रंग की २००८ चे?

गेल्या तीन रात्री टेबलावर दोन पुस्तकं शेजारी शेजारी उघडी पडलीयेत. डावीकडे १९८८ ची बॅटमॅन: द किलिंग जोक ही कॉमिक, पातळ, मऊ कव्हरची, जॉन हिगिन्सने रंगवलेली. उजवीकडे तीच गोष्ट, त्याच रेषा, तेच संवादाचे फुगे, पण २००८ ची कडक पुठ्ठ्याची डीलक्स आवृत्ती आणि रंग सगळेच्या सगळे नव्याने केलेले, तेही खुद्द चित्रकार ब्रायन बोलँडने. एक पान डावीकडचं, मग तेच उजवीकडचं, असं वाचत गेलो आणि अर्ध्यावर आल्यावर वाटायला लागलं की अरे, इथे गोष्टच बदललीय! शब्द एकही हललेला नाही तरी. म्हणून हे लिहायला बसलो.

ज्यांनी अजून वाचलेली नाही त्यांनी आधी ती वाचा, मग इकडे या, कारण रंगांबद्दल नीट बोलायचं तर शेवटच्या पानापर्यंत सगळं सांगावं लागणार आहे.

थोडक्यात माहिती. डीसी कॉमिक्सने मार्च १९८८ मध्ये काढलं, लेखन ॲलन मूर, चित्रं बोलँड, रंग हिगिन्स, अक्षरं रिचर्ड स्टार्किंग्ज. अठ्ठेचाळीस पानांचं, चौकोनी कण्याचं, नेहमीच्या कॉमिकपेक्षा चांगल्या कागदावर, किंमत साडेतीन डॉलर. इतकं खपलं की परत परत छापावं लागलं, आणि प्रत्येक वेळी कव्हरवरच्या नावाचा रंग बदलला, पहिल्या छपाईत हिरवा होता आणि पुढे वेगवेगळे, त्यामुळे जुन्या प्रती गोळा करणारे लोक नुसत्या अक्षरांच्या रंगावरून कितवी छपाई ते ओळखतात. मला हे फार आवडतं, या पुस्तकाच्या नशिबात रंगाचा विषय कव्हरपासूनच लिहिलेला आहे जणू. १९८९ मध्ये सर्वोत्कृष्ट ग्राफिक अल्बमचा आयझनर, म्हणजे कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार मिळाला, आणि तो मिळाला तेव्हा पानांवर हिगिन्सचेच रंग होते, हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गोष्ट अशी की जोकर, बॅटमॅनचा जुना शत्रू, वेड्यांच्या इस्पितळातून पळतो, एक मोडकळीला आलेला जत्रेचा पार्क ताब्यात घेतो, पोलीस कमिशनर गॉर्डनच्या मुलीला, बार्बराला, तिच्याच घराच्या दारात गोळी घालतो, गॉर्डनला उचलून त्या पार्कात आणतो आणि त्याला वेडं करायचा प्रयत्न करतो. का, तर एक वाईट दिवस आला की कुणीही शहाणा माणूस आपल्यासारखाच होतो हे त्याला सिद्ध करायचंय. आणि मधेमधे फ्लॅशबॅक येतात, एक अपयशी विनोदवीर, गरोदर बायको, खिशात पैसा नाही, दोन चोरांच्या नादी लागून रेड हूड बनतो, लाल हेल्मेट घालून केमिकलच्या कारखान्यात शिरतो, आणि तिथल्या रसायनात पडून जोकर होऊन बाहेर येतो.

आता रंग. बोलँडने डीलक्स आवृत्तीच्या शेवटी स्वतः लिहिलंय की १९८८ चे रंग त्याच्या डोक्यात होते तसे आलेच नव्हते, त्याला सगळं दबकं, थंडीच्या तोंडावरच्या रात्रीसारखं हवं होतं आणि फ्लॅशबॅक तर काळ्यापांढऱ्यात हवे होते. वीस वर्षांनी संधी मिळाली आणि त्याने कॉम्प्युटरवर बसून सगळी पानं पुन्हा रंगवली. माणूस हळू काम करणारा, रेषेच्या बाबतीत अतिशय काटेकोर, आणि हे काम त्याने तेवढ्याच काटेकोरपणे केलंय हे पानापानावर दिसतं. कुठेही उरकून टाकलेलं नाही.

पहिलं पान घ्या. पाऊस, डबक्यात पडणारे थेंब, गाडीचे दिवे, इस्पितळाचं फाटक. संवाद नाहीच. नव्या आवृत्तीत हे पान बघताना अंगाला गारठा जाणवतो, राखाडी, निळसर, मातकट, ओलं. खरी रात्र. बोलँडने इतकं बारीक रेखाटन केलंय पावसाचं, आणि रंग शांत झाल्यामुळे ते सगळं वर येतं. जुन्या आवृत्तीत हिगिन्स पहिल्यापासूनच वेगळ्या सुरात आहे, त्याचे जांभळे, केशरी, पिवळे रंग म्हणजे हवामान नाहीच, मनःस्थिती आहे. खऱ्या जगात रात्र अशी दिसत नाही. पण वेड्यांच्या इस्पितळाच्या दाराशी उभं राहिल्यावर अशी दिसत असेल बुवा.

पहिल्याच पानावर मला विचारलं असतं तर मी नव्याला मत दिलं असतं. पहिली दहा पानं तर नक्कीच. इस्पितळातला तो प्रसंग, बॅटमॅन समोर बसलाय, पलीकडचा माणूस पत्ते मांडतोय, बॅटमॅन त्याचा हात धरतो आणि पांढरा रंग हातमोज्याला लागतो, म्हणजे हा जोकर नाहीच, कुणीतरी रंग फासून बसवलेला आहे. आख्खं वळण एका रंगाच्या डागावर उभं आहे, विचार करा! रंग लागला नसता तर गोष्ट पुढेच गेली नसती. नव्यात तो पांढरा डाग काळपट हातमोज्यावर चटकन दिसतो, कारण आजूबाजूला गोंगाट नाही. इथे नवं जिंकतं, वादच नाही.

पण मग फ्लॅशबॅक सुरू होतात आणि माझं मत डळमळायला लागतं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते दोन आवृत्त्यांमधला खरा फरक इथेच आहे, बाकीचं सगळं आवडीनिवडीचं.

नव्या आवृत्तीत फ्लॅशबॅक जवळजवळ कृष्णधवल आहेत. जवळजवळ म्हणतोय कारण प्रत्येक चौकटीत एखादी वस्तू, कधी अगदी कोपऱ्यातली, गुलाबी किंवा लाल ठेवलीय. आधी लक्षातही येत नाही. मग दुसऱ्या फ्लॅशबॅकमध्ये डोळा शोधायला लागतो, हां इथे आहे, इथे आहे, आणि तो लाल हळूहळू गडद होत जातो आणि शेवटी रेड हूडच्या हेल्मेटवर येऊन पोचतो. म्हणजे त्या माणसाच्या साध्या, रंग उडालेल्या आयुष्यात ते लाल संकट सुरुवातीपासून डोकावत होतं, त्याला दिसत नव्हतं, आपल्याला दिसतं. जबरदस्त कल्पना आहे ही. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून पुन्हा पहिल्या फ्लॅशबॅकपासून नुसते लाल ठिपके शोधत गेलो. चित्रकाराला स्वतःच्या रेषा रंगवायला दिल्या की काय होतं त्याचा हा नमुना, प्रत्येक पानाचं त्याला आधीच सगळं माहीत आहे, कुठली वस्तू कुठे ठेवलीय, वाचकाचा डोळा कुठून कुठे जाणार.

जुन्या आवृत्तीत असं काही नाही. तिथे फ्लॅशबॅकही तसेच रंगीत, तसेच अस्वस्थ. वर्तमान आणि भूतकाळ यांच्यात रंगाची भिंतच नाही. पूर्वी मी हा जुन्या आवृत्तीचा दोष मानायचो. आता तसं वाटत नाही, आणि का ते सांगतो.

मूर आणि बोलँडने फ्लॅशबॅकमध्ये शिरण्यासाठी एक युक्ती वापरलीय. वर्तमानातल्या शेवटच्या चौकटीत जोकर जसा उभा आहे, ज्या पोझमध्ये, भूतकाळातल्या पहिल्या चौकटीत तो माणूस अगदी तसाच उभा असतो. परत येताना पण तसंच. एक माणूस दुसऱ्यात विरघळतो. आता हे विरघळणं जुन्या रंगात खरोखर विरघळल्यासारखं होतं, कारण रंगाचं तापमान फारसं बदलत नाही, आपण कधी मागे गेलो ते क्षणभर कळतच नाही, चेहरा बघावा लागतो, कपडे बघावे लागतात. नव्यात मात्र रंग गेला की टिचकी वाजल्यासारखं कळतं, हां, आता फ्लॅशबॅक. सोपं जातं. पण सोपं जायला हवं होतं का?

कारण या गोष्टीत जोकर स्वतः सांगतो की त्याला त्याचा भूतकाळ धड आठवत नाही, कधी असा आठवतो कधी तसा, आणि भूतकाळ असायचाच असेल तर त्यात निवडायला चार पर्याय असलेले बरे असं त्याचं म्हणणं. म्हणजे आपण जे फ्लॅशबॅक बघतोय, ती बायको, ती गरिबी, ते चोर, ते खरं घडलं की त्याने मनाने रचलं, याची खात्री नाहीच. गोष्टीचा कणा आहे हा. आणि कृष्णधवल फोटोसारख्या पानांना बघितलं की आपलं मन काय म्हणतं? हे जुनं आहे, हे खरं आहे, हा पुरावा आहे. बोलँडच्या नव्या रंगांनी त्या आठवणींवर खरेपणाचा शिक्का मारला. हिगिन्सच्या रंगात त्या आठवणी जोकरच्या आजच्या वेडाच्याच रंगात भिजलेल्या आहेत, जणू आत्ता या क्षणी, त्या जत्रेत उभा राहून, तो त्या मनातल्या मनात रंगवतोय. मला हे १९८८ मध्ये कुणी मुद्दाम ठरवून केलं असा दावा करायचा नाहीये. पण पानावर ते आहे, आणि वाचताना लागतं.

तर झालं असं की नवीन फ्लॅशबॅक सुंदर आहेत, जुन्यापेक्षा कितीतरी सुंदर, आणि तरीही जुने मला गोष्टीच्या जास्त जवळचे वाटतात. हे एकदा मनात बसलं आणि मग पुढचं सगळं पुस्तक मी त्याच नजरेने बघितलं.

जत्रा. गॉर्डनला घोस्ट ट्रेनमध्ये बसवून बोगद्यातून नेतात, भिंतींवर मुलीचे फोटो, जोकरचं गाणं, आजूबाजूला त्याची ती विचित्र मंडळी. जुन्या पानांवर इथे रंग अक्षरशः किंचाळतात. गुलाबी, पिवळा, लाल, डोळ्यांना त्रास होतो, पान लवकर उलटावंसं वाटतं, आणि ते तसंच व्हायला पाहिजे कारण गॉर्डनलाही तिथून सुटका हवीय. नव्यात तेच प्रसंग जास्त भयाण दिसतात असं म्हणणारे खूप भेटतील, आणि मला त्यांचं म्हणणं समजतं, रंग उतरवल्यामुळे चेहऱ्यांवरच्या सुरकुत्या, फाटके कपडे, गंजलेलं लोखंड, सगळं स्पष्ट झालंय. मी तिथे थांबतो, बघत राहतो, रेषांचं कौतुक करतो. पण कौतुक करत थांबलो म्हणजे गॉर्डनबरोबर बोगद्यात नव्हतो ना मी. बाहेर उभा राहून चित्र बघत होतो.

जोकरचा स्वतःचा रंग बघा आता. कोट जांभळा, केस हिरवे, दोन्हीकडे तेच. नव्या आवृत्तीत सगळं जग राखाडी झाल्यामुळे तो एकटाच रंगीत माणूस उरतो, लांबून चमकतो, एकदम भारी दिसतो, पोस्टर करून लावावं असा. जुन्यात सगळं जगच त्याच्या रंगाचं आहे, त्यामुळे तो उठून दिसत नाही, तो सगळीकडे पसरलेला आहे. एक चांगला दिसणारा खलनायक आणि एक हवेत मिसळलेला आजार, असा फरक पडतो. त्याचं म्हणणं काय आहे, की जग मुळातच वेडं आहे, तुम्ही फक्त अजून मान्य केलेलं नाही. जुने रंग त्याला दुजोरा देतात आणि वाचकाला पूर्ण पुस्तकभर त्याच्या बाजूला ओढत राहतात, आणि म्हणूनच गॉर्डन शेवटी मोडत नाही, बॅटमॅनला सांगतो की याला कायद्याने पकड, तेव्हा ते इतकं मोठं वाटतं.

रसायनाच्या पाण्यातून बाहेर येऊन हेल्मेट काढतो ते पान तर जगप्रसिद्धच आहे, डोकं दोन्ही हातांनी धरलेलं, तोंड फाकलेलं, मागे हसण्याची अक्षरं. इथे नव्या आवृत्तीला पूर्ण मार्क. इतक्या रंगहीन पानांनंतर ते हिरवे केस आणि ते ओठ समोर आल्यावर जो धक्का बसतो तो जुन्यात बसत नाही, कारण जुन्यात रंग कधी थांबलेलाच नव्हता. बोलँडने वीस वर्षं मनात जे धरून ठेवलं असेल ते बहुतेक याच पानासाठी.

बार्बराच्या पानाबद्दल फार लिहायची इच्छा नाही. दार उघडतं, समोर हवाईयन शर्ट घातलेला माणूस, गळ्यात कॅमेरा, हातात पिस्तूल. दोन्ही आवृत्त्यांत ते पान सहन होत नाही, आणि तिच्या पात्राला मूरने इथे फार वाईट वागवलं असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे, रंग बदलून त्यात काही फरक पडत नाही.

बॅटमॅनच्या कपड्यांवर मात्र बोललंच पाहिजे. जुन्यात निळा केप, राखाडी सूट आणि छातीवर पिवळ्या लंबगोलात वटवाघूळ. नव्यात निळेपणा गेला, काळपट राखाडी आला, आणि तो पिवळा लंबगोल चक्क काढून टाकला. नुसतं काळं वटवाघूळ राहिलं. दिसायला नवं जास्त गंभीर दिसतं, मान्य. पण तो लंबगोल १९६४ मध्ये डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या ३२७ व्या अंकात आला आणि पुढे कित्येक दशकं बॅटमॅन म्हणजे तो लंबगोल असंच होतं, १९८८ चा बॅटमॅन तो घालूनच फिरत होता. तो काढणं म्हणजे मला रंग सुधारणं वाटत नाही. जुन्या फोटोतल्या माणसाच्या अंगावरचा शर्ट बदलल्यासारखं वाटतं. रंग उतरवायचे होते तर पिवळा जरा मळका करायचा होता, चाललं असतं, पण पुसून टाकायला नको होता. या एका गोष्टीवर मी बोलँडशी अजिबात सहमत नाही.

आता थोडं छपाईबद्दल, कारण जुने रंग भडक का दिसतात यावर लोक फार घाईने निकाल देतात. त्या काळच्या साध्या अमेरिकन कॉमिकमध्ये निळा, किरमिजी, पिवळा या तीन शाया प्रत्येकी चार पातळ्यांत मिळायच्या, काहीच नाही, पाव, अर्धी आणि पूर्ण, म्हणजे चार गुणिले चार गुणिले चार, एकूण ६४ रंग. रंगकार आपल्या झेरॉक्सवर रंग भरून शेजारी कोड लिहायचा, आणि मग दुसरीकडे बसलेली माणसं हाताने त्या प्लेट्स तयार करायची. कागद म्हणजे वर्तमानपत्राचा, शाई पिणारा, त्यामुळे कितीही झगझगीत रंग दिला तरी तो छापून येईपर्यंत मवाळ व्हायचा. रंगकार हे धरूनच रंग द्यायचे, थोडा चढा द्यायचा म्हणजे कागदाने खाल्ल्यावर बरोबर बसतो. किलिंग जोकचा कागद याच्यापेक्षा पांढरा आणि चांगला होता, म्हणजे शाई कमी पीत होता, आणि त्यावर हिगिन्सचे ते जांभळे-केशरी रंग पूर्ण ताकदीने उमटले. तेव्हाच्या वाचकाला, वर्तमानपत्री कागदाची सवय असलेल्याला, ते किती नवीन वाटलं असेल! आणि तेच रंग आजच्या गुळगुळीत चकचकीत कागदावर किंवा स्क्रीनवर बघितले तर आणखी चढतात. म्हणून स्क्रीनवर दोन चित्रं शेजारी लावून जुन्याला भडक म्हणणाऱ्यांनी एकदा जुनी छापील प्रत हातात घेऊन, दिव्याच्या साध्या उजेडात बघावी. माझ्या प्रतीत वय झाल्यामुळे कागद जरासा पिवळटलाय आणि त्यात ते रंग इतके छान मुरलेत की काही पानं मला स्टेजवरच्या प्रकाशासारखी वाटतात.

आणि हिगिन्स काही ऐरागैरा नव्हे. किलिंग जोकच्या आधी १९८६-८७ मध्ये मूरच्याच वॉचमेन या कॉमिकचे रंग त्याचेच, तिथेही नेहमीचे लाल-निळे-पिवळे बाजूला ठेवून जांभळा, केशरी, हिरवा, तपकिरी यांच्यावर भर दिला आणि त्या पुस्तकाला स्वतःचा चेहरा मिळाला. ती त्याची पद्धत होती, चूक नव्हे. वॉचमेनची मोठी आवृत्ती २००५ मध्ये आली तेव्हा तिचे रंग पुन्हा दुरुस्त केले ते हिगिन्सनेच, स्वतःच्याच कामाला स्वतःच हात लावून, आणि म्हणून तिथे दुरुस्ती दुरुस्तीसारखीच वाटते, जुन्या माणसाला नवीन चष्मा दिल्यासारखी. किलिंग जोकमध्ये तसं झालं नाही. तिथे एका कलाकाराच्या कामावर दुसऱ्याने, भले तो मूळ चित्रकार असो, नवीन काम ठेवलं. ज्या रंगांसकट पुरस्कार मिळाला ते रंग २००८ नंतरच्या बहुतेक छपायांमधून गेलेच, आणि आज नवीन वाचक दुकानात जाऊन किलिंग जोक उचलतो तेव्हा हिगिन्सने काय केलं होतं हे त्याला कळायचा मार्ग फारसा उरत नाही. माझी खरी तक्रार ही आहे. नवे रंग केले म्हणून नाही, जुने बाजूला पडले म्हणून.

सँडमॅन या दुसऱ्या एका कॉमिकच्या सुरुवातीच्या अंकांचंही मोठ्या आवृत्तीसाठी २००६ मध्ये नव्याने रंगकाम झालं, आणि तिथे मी नव्याच्या बाजूने आहे, कारण तिथले जुने रंग रेषेला बऱ्याच ठिकाणी झाकत होते. म्हणजे जुनं ते सोनं असं माझं तत्त्व वगैरे काही नाही. पुस्तकापुरतं बघायचं.

रेषेवरून आठवलं. बोलँडची शाई म्हणजे काय चीज आहे ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, गालाचा गोलवा, कोटाची घडी, ओला रस्ता, सगळं तो ब्रशच्या बारीक रेषांनीच उभं करतो, सावलीसाठी त्याला रंगाची गरजच नसते. आता अशा रेषेवर कॉम्प्युटरने मऊ छटा चढवल्या की एकच सावली दोनदा पडते, एकदा शाईची, एकदा रंगाची. दुसऱ्या कुणी केलं असतं तर चेहरे प्लॅस्टिकचे दिसले असते, आणि नव्याने रंगवलेल्या कितीतरी जुन्या कॉमिक्सचं हे असंच वाटोळं झालंय. इथे बोलँड स्वतःच होता म्हणून बहुतेक ठिकाणी हात आवरलाय. तरी काही जवळच्या चेहऱ्यांवर, विशेषतः गॉर्डनच्या, मला ती मऊ चमक जास्त वाटली. हिगिन्सचे रंग बरेच सपाट आहेत आणि म्हणून तिथे रेषा एकटी बोलते.

पुस्तक म्हणून डीलक्स आवृत्ती छान आहे, किंमत १७.९९ डॉलर होती, जुन्यापेक्षा किंचित मोठी, बांधणी मजबूत, सपाट उघडते, चित्रकार टिम सेलची प्रस्तावना, बोलँडचं शेवटचं टिपण जे वाचायलाच पाहिजे, आणि वर एक छोटी जास्तीची गोष्ट, बोलँडने स्वतः लिहून काढलेली, जी आधी १९९६ मध्ये बॅटमॅनच्या कृष्णधवल मालिकेत आली होती. इथे ती रंगीत केलीय. आणि मला ती रंगीत नको होती. गंमत बघा, तोच माणूस एकीकडे रंगीत फ्लॅशबॅकमधून रंग काढतो आणि दुसरीकडे मुळातच काळ्यापांढऱ्यात विचार केलेल्या गोष्टीत रंग भरतो. ती गोष्ट एका साध्या दिसणाऱ्या मुलाच्या थंड डोक्यातल्या विचारांची आहे, काळ्यापांढऱ्यात ती जास्त थंड लागायची. ज्यांना बोलँडची नुसती शाई हवीय त्यांच्यासाठी २०१६ मध्ये किलिंग जोकची पूर्ण कृष्णधवल आवृत्तीही निघालीय, तिच्यात दोन्ही बाजूंचं रंगाचं भांडणच मिटतं, चित्रकला शिकणाऱ्याने तर ती घ्यावीच.

मग कुठली घ्यायची असं कुणी विचारलं तर, पहिल्यांदा वाचत असाल आणि कुठूनही जुनी प्रत वाचायला मिळत असेल, उसनी का होईना, तर आधी जुनी. जोकरच्या डोक्यात बसून गोष्ट एकदा वाचा, मळमळलं तरी चालेल. मग डीलक्स विकत घ्या आणि ती कपाटात ठेवा, कारण परत परत उघडून बघाल ती तीच. उलट क्रमाने वाचणाऱ्यांना जुनी नुसती भडक वाटते आणि ते दहा पानांत ती मिटवतात, असं मी दोन-तीन मित्रांच्या बाबतीत बघितलंय, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं.

शेवटचं पान राहिलं. पाऊस पुन्हा सुरू झालाय, जोकर तो दोन वेड्यांचा विनोद सांगतो, एक जण दुसऱ्याला म्हणतो की मी टॉर्चचा झोत पाडतो, तू त्याच्यावरून चालत ये, आणि दुसरा म्हणतो मी काय वेडा आहे का, अर्ध्यावर आलो की तू टॉर्च बंद करशील. मग दोघंही हसतात, बॅटमॅनसुद्धा, आणि चौकट हळूहळू खाली उतरते, पाय, डबकं, ओल्या जमिनीवर पडलेली गाडीच्या दिव्याची एक पट्टी, मग ती पट्टीही जाते आणि फक्त थेंब. पहिल्या पानावरचेच थेंब. खूप वर्षं जुनी प्रत वाचत होतो तरी ती पट्टी विझते हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, मी हसण्याच्या अक्षरांकडे बघत राहायचो. नव्या आवृत्तीत सगळं शांत असल्यामुळे पहिल्याच वाचनात दिसलं. मग जुनी काढून बघितली. तिथेही आहे, तशीच, १९८८ पासून.